उघडे दार, उंच उंबरठा

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. रविवारची मिस्सा आटोपते, माणसे घरोघर पांगतात आणि धर्मगुरूंच्या निवासाच्या ओट्यावर दोन-चार कुटुंबे मागे रेंगाळतात. पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका, शेजारी मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी आणि आईच्या ओठांवर एकच विनवणी, "फादर, एक चिठ्ठी द्या." त्या विनवणीमागे साऱ्या घराचे कष्ट उभे असतात. बापाने वाडीत गाळलेला घाम असतो, आजीने मोडलेला दागिना असतो. कोणताही सहृदय माणूस ती हसण्यावारी नेणार नाही.

परंतु चिठ्ठी-चिठ्ठीत फरक असतो. एक चिठ्ठी म्हणते, 'मुलगा गरीब आहे. त्याची फी माफ व्हावी, राहण्या-जेवण्याची सोय व्हावी.' दुसरी म्हणते, 'मुलगा आपला आहे. चार गुण कमी पडले तरी त्याला पुढे सरकवावे.' पहिली चिठ्ठी विद्येचे दार उघडते, दुसरी विद्येचा उंबरठा खाली आणते. दोन्ही दयेपोटीच लिहिल्या आहेत असे वरवर वाटते आणि तेथेच आपली गल्लत होते. हा प्रश्न आजचा नाही. विद्यापीठ ही संस्था जगात नुकती आकार घेत होती, तेव्हाच तो ख्रिस्तसभेपुढे उभा राहिला होता. त्याची हकिकत पॅरिस नगरीची आहे आणि तिचा धागा, आपल्याला सहसा ठाऊक नसला तरी, थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात सेन नदीतील बेटावर नोत्र दामचे महामंदिर उभे राहत होते. त्याच्या सावलीत आणि नदीच्या डाव्या तीरावर भाड्याच्या खोल्यांतून गुरुजन शिकवीत असत. आज आपण 'विद्यापीठ' म्हटले की घड्याळाचा मनोरा, भव्य सभागृह व विस्तीर्ण आवार डोळ्यांपुढे येते. त्या काळी यातले काहीच नव्हते. 'युनिव्हर्सितास' या लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ 'संघ' एवढाच होता. जसा विणकरांचा संघ, सोनारांचा संघ, तसाच गुरू-शिष्यांचा संघ. सोनारांच्या संघाने सोन्याचा कस सांभाळावा, तसा या संघाने विद्येचा कस सांभाळावा, अशी अपेक्षा होती.

शिकवण्याचा परवाना देण्याचा अधिकार मात्र महामंदिराच्या चॅन्सेलरकडे होता. परवाना ज्याच्या हाती, त्याच्या हाताला खाज सुटावी हा मनुष्यस्वभाव! परवान्यासाठी पैसे मागितले जाऊ लागले. तेव्हा पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या काळी, ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने स्पष्ट आदेश दिला. अध्यापनाच्या परवान्यासाठी कोणी एक पैही घेऊ नये आणि जो लायक आहे त्याला परवाना नाकारू नये. इतकेच नव्हे, तर प्रत्येक महामंदिराने एका गुरूच्या उदरनिर्वाहाची तजवीज करावी, म्हणजे तो धर्मसेवकांना व गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवू शकेल, असेही परिषदेने ठरविले. या आदेशातील दोन बाजू ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पैशाची अट परिषदेने काढून टाकली. लायकीची अट मात्र तशीच ठेवली. दार सताड उघडले. उंबरठ्याला हात लावला नाही.

हा उंबरठा किती उंच होता, ते १२१५ साली पोपचे प्रतिनिधी रॉबर्ट द कुर्सों यांनी घालून दिलेल्या नियमांवरून समजते. कलाशाखेत शिकवू इच्छिणाऱ्याने किमान सहा वर्षे अध्ययन केलेले असावे, त्याचे वय एकवीस वर्षांहून कमी नसावे, आणि निदान दोन वर्षे तरी आपण शिकवू असे वचन त्याने द्यावे. ईशज्ञान शिकवणाऱ्यासाठी वयाची अट पस्तीस वर्षांची आणि अध्ययनाची अट किमान आठ वर्षांची. त्याच नियमावलीत आणखी एक छोटेसे वाक्य होते. ज्याला निश्चित असा गुरू नाही, त्याला पॅरिसमध्ये विद्यार्थी म्हणवून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. केवळ नाव नोंदवून कोणी विद्यार्थी होत नसे. कोणा एका गुरूने त्याला ओळखलेले असावे लागे आणि त्याची जबाबदारी शिरावर घेतलेली असावी लागे.

पुढे १२२९ साली, राखेच्या बुधवारपूर्वीच्या मौजमजेच्या दिवसांत, दारूच्या गुत्त्यात बिलावरून भांडण जुंपले. त्याचे पर्यवसान दंगलीत झाले आणि शिपायांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले. गुरुजनांनी शिकवणे बंद केले. गुरू-शिष्य अन्य नगरांत निघून गेले. दोन वर्षांनी, १२३१ च्या एप्रिल महिन्यात, पोप नववे ग्रेगरी यांनी जे आज्ञापत्र काढले, त्याला विद्यापीठाच्या इतिहासात सनदेचे स्थान आहे. त्यात त्यांनी पॅरिसला 'विद्यांची जननी' म्हटले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग परवान्याचा आहे. चॅन्सेलरने शपथ घ्यावी की, मी लायक माणसालाच परवाना देईन. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याने नगरातील ईशज्ञानाच्या सर्व गुरुजनांकडे व अन्य सुज्ञ, प्रामाणिक माणसांकडे उमेदवाराच्या आचरणाची, विद्वत्तेची आणि वक्तृत्वाची चौकशी करावी. गुरुजनांनीही शपथेवर खरी साक्ष द्यावी. उमेदवाराकडून पैसा, वचन वा तारण यांपैकी काहीही घेऊ नये.

येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. परीक्षार्थी शपथ घेतो हे आपण समजू शकतो. येथे परीक्षकांना शपथ घ्यावी लागत होती. विद्येचा दर्जा घसरतो तो मुख्यतः विद्यार्थ्याच्या आळसाने नव्हे, तर परीक्षकाच्या खोट्या साक्षीने, हे त्या काळच्या ख्रिस्तसभेने ओळखले होते. अपात्राला पात्र म्हणणे ही उदारता नसून आठव्या आज्ञेचा भंग आहे, असाच या शपथेचा अर्थ होतो.

याचा अर्थ पॅरिसचे गुरुजन धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांचेच उदाहरण घ्या. १२५६ साली त्यांना ईशज्ञानाचा परवाना मिळाला तेव्हा त्यांनी जेमतेम तिशी ओलांडली होती. पस्तिशीची अट त्यांच्यासाठी शिथिल करावी लागली. त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करू शकत नव्हता. तरीही त्यांना व फ्रान्सिस्कन संघाच्या संत बोनाव्हेंतुर यांना गुरुजनांच्या संघात सामावून घेण्यास पॅरिसचे प्रस्थापित गुरू तयार नव्हते. कारण हे दोघे भिक्षेकरी संघांचे व्रतस्थ होते. अखेर १२५७ साली, पोपच्या आदेशानंतरच, संघाने त्यांचा स्वीकार केला. दर्जाचे नाव पुढे करून आपली मक्तेदारी राखण्याचा मोह तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून उंबरठा उंच आहे एवढे पाहून भागत नाही. तो विद्या मोजतो की कूळ आणि कंपू मोजतो, हेही पाहावे लागते.

थॉमस यांनी परवाना स्वीकारताना जे पहिले व्याख्यान दिले, त्याचा विषय त्यांनी एकशे चाराव्या स्तोत्रातून घेतला होता. परमेश्वर आपल्या उंच निवासातून पर्वतांवर पाऊस पाडतो, या त्या ओळीतील कल्पना. पर्वतावर पडलेले पाणी खालच्या शेतमळ्यांना मिळते. तसे ईश्वराचे ज्ञान गुरूंच्या द्वारे श्रोत्यांपर्यंत पोहोचते. म्हणून गुरूने पर्वतासारखे उंच असावे, तेही केवळ बुद्धीने नव्हे, तर आचरणाने.

आणि वर्गात काय चालत असे? सकाळी ग्रंथवाचन व त्यावरील भाष्य, आणि ठरावीक दिवशी वादसभा. आगमनकाळात व उपवासकाळात तर अशा खुल्या वादसभा भरत की, ज्यांत कोणीही, कोणताही प्रश्न गुरूला विचारू शके. गुरूने तेथे भर सभेत उत्तर द्यायचे आणि नंतर निर्णय सांगायचा. अशाच एका सभेत थॉमस यांच्यापुढे प्रश्न आला. गुरूने एखाद्या मुद्द्याचा निकाल युक्तिवादाने लावावा की थोरांच्या वचनांचा आधार देऊन? त्यांच्या उत्तराचा आशय असा. शंका निवारण्यापुरती वचने पुरेशी असतील. पण शिष्याला समज द्यायची असेल तर कारणांच्या मुळाशी जावे लागेल. गुरूने नुसती वचने ऐकविली, तर अमुक गोष्ट तशी आहे एवढे शिष्याला कळेल. पण ज्ञान त्याच्या पदरी पडणार नाही आणि तो रित्या हातांनी घरी जाईल. श्रद्धेचा एवढा मोठा आचार्य हे सांगतो आहे, हे आपण विसरू नये.

रित्या हातांनी घरी जाण्याची हौस मात्र विद्यार्थ्यांना फार पूर्वीपासून आहे! १३५५ साली पॅरिसच्या कलाशाखेला एक नियम करावा लागला. गुरूंनी स्वाभाविक बोलण्याच्या वेगाने व्याख्यान द्यावे; श्रोत्यांना शब्दन्‌शब्द उतरवून घेता यावा अशा संथ गतीने मजकूर सांगू नये. विद्यार्थ्यांना हे रुचणार नाही, याचीही कल्पना नियम करणाऱ्यांना होती. म्हणून त्यांनी पुढे लिहून ठेवले की, जे आरडाओरडा करून, शिट्या वाजवून किंवा स्वतः वा नोकरांकरवी दगड फेकून या नियमाला विरोध करतील, त्यांना वर्षभर संघाबाहेर ठेवण्यात येईल. वर्गात उतरून घेतलेल्या 'नोट्स' आणि बाजारात मिळणारी 'गाइडे' यांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी हा साडेसहाशे वर्षांपूर्वीचा नियम एकदा तरी वाचावा. ऐकणे, समजणे आणि मग आपल्या शब्दांत मांडणे हाच अभ्यास. लेखनिकाचे काम म्हणजे अभ्यास नव्हे.

इटलीतील बोलोन्या नगरीत याच्या उलट प्रकार होता. तेथे संघ विद्यार्थ्यांचा होता आणि गुरूंवर अंकुशही त्यांचाच. घंटेला गुरू वर्गात आला नाही, वेळ संपल्यावर बोलत राहिला, कठीण भाग वगळून पुढे गेला, की त्याला दंड! व्याख्यानाला पाचांहून कमी विद्यार्थी आले, तर तो गैरहजर समजला जाई. हे वाचून आजच्या विद्यार्थ्यांना गुदगुल्या होतील; परंतु त्यामागील भाव गंभीर होता. आपण ज्यासाठी घरदार सोडून आलो ती विद्या आपल्याला पूर्ण मापाने मिळावी, असा विद्यार्थ्यांचा आग्रह होता. अभ्यासक्रम कमी करा, अशी त्यांची मागणी नव्हती.

आता या कथेतील सर्वांत हृद्य व्यक्तीकडे वळू या. १२०१ साली उत्तर फ्रान्समधील सॉर्बों या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात रॉबेर जन्मले. विद्येच्या बळावर ते धर्मगुरू, गुरू आणि पुढे राजा नववा लुई, म्हणजेच संत लुई, यांचे निकटवर्ती झाले. राजाचा चरित्रकार झ्वाँव्हील याने एक प्रसंग नोंदविला आहे. रॉबेर यांनी एकदा त्याच्या भपकेबाज पोशाखावर टीका केली. तेव्हा त्याने उलट टोला हाणला की, हा पोशाख मला आईवडिलांकडून लाभला आहे. तुम्ही मात्र गावंढळ आईबापांचे पुत्र असून त्यांचा वेश टाकून राजापेक्षा भारी वस्त्र ल्यालात! गरिबीतून वर आलेल्या माणसाला दरबारात काय ऐकून घ्यावे लागते, याची यावरून कल्पना येते.

या रॉबेर यांनी राजाच्या साहाय्याने १२५७ च्या सुमारास गरीब ईशज्ञान-विद्यार्थ्यांसाठी एक निवासी पाठशाळा काढली. तीच पुढे त्यांच्या गावाच्या नावाने 'सॉर्बोन' म्हणून जगद्विख्यात झाली. कलाशाखा पूर्ण केलेला हुशार, पण गरीब तरुण ईशज्ञानाची लांबलचक वर्षे काय खाऊन काढणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी त्याला छप्पर दिले, भाकरी दिली, ग्रंथ दिले. मात्र त्यांच्या नियमांत हेही होते की, संस्थेच्या अन्नावर राहणाऱ्या नवागताने सात वर्षांत प्रवचन, वादसभा व व्याख्यान यांत प्रगती दाखविली नाही, तर त्याची सवलत बंद व्हावी. दार उघडे होते. उंबरठा मात्र गरिबालाही ओलांडावाच लागे.

असे का? उत्तर त्यांच्या सदसद्विवेकावरील प्रबंधात सापडते. त्यात त्यांनी अंतिम न्यायाची तुलना चॅन्सेलरच्या परीक्षेशी केली आहे. आपली परीक्षा कोणत्या ग्रंथावर होणार हे जर विद्यार्थ्याला आधीच कळले, तर तो ग्रंथ बाजूला ठेवून दुसरेच वाचणारा वेडाच म्हणावा लागेल. मग आपली अखेरची परीक्षा आपल्याच अंतःकरणाच्या ग्रंथावर होणार हे ठाऊक असून तो न उघडणारे आपण कोण? पॅरिसमध्ये नापास झालेल्याची नामुष्की पाच-सहा जणांनाच कळते आणि काळाबरोबर विरते. तेथे मात्र साऱ्या जगासमोर निकाल लागेल. पॅरिसमध्ये वर्षभराने पुन्हा परीक्षा देता येते. तो निकाल मात्र अखेरचा.

हे सांगता सांगता रॉबेर एक कटू सत्य सहजपणे बोलून जातात. पॅरिसमध्ये थोरामोठ्यांना कित्येकदा परीक्षेतून सूट मिळते. मित्रांची रदबदली, भेटवस्तू किंवा चॅन्सेलरच्या नातलगांची सेवा यांमुळे निकाल फिरूही शकतो. म्हणजे शपथा घेऊनही वशिला शिल्लक होताच. परंतु तो कोणाच्या कामी येत होता? गरिबाच्या नव्हे. भेटवस्तू द्यायला आणि रदबदली करायला ज्याच्यापाशी माणसे आहेत, त्याच्याच. शेतकऱ्याच्या पोरापाशी काय होते? त्याची विद्या आणि त्या विद्येवरील परीक्षेचा शिक्का, एवढेच त्याचे भांडवल. तो शिक्का खोटा ठरू लागला की श्रीमंताचे काही बिघडत नाही. त्याच्यापाशी जमीन आहे, कूळ आहे. बुडतो तो गरीबच. शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या रॉबेर यांनी परीक्षेचा एवढा आदर का बाळगला, याचे मर्म मला येथे दिसते.

पुढील काळात पदवीभोवती खर्चाचे जाळे वाढत गेले. नव्या पदवीधराने मेजवान्या द्याव्यात, वस्त्रे वाटावीत अशा प्रथा पडल्या. १३११-१२ च्या व्हिएन्न परिषदेला या खर्चावर मर्यादा घालावी लागली. लॅटरनने उघडलेले दार असे हळूहळू पुन्हा लोटले जात होते. उंबरठा झिजणे आणि दार बंद होणे या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालूनच येतात.

तरीही पॅरिसची परंपरा संपली नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत स्पेनहून एक लंगडणारा प्रौढ विद्यार्थी तेथे आला. वय छत्तीस-सदतीस. अल्काला व सालामांका येथे घाईघाईने बरेच काही शिकूनही आपला पाया कच्चाच राहिला, हे त्याला उमगले होते. त्याने दुसऱ्या कोणाला दोष दिला नाही की पळवाट शोधली नाही. माँतेग्यू पाठशाळेत तो लहान मुलांच्या रांगेत बसला आणि लॅटिन व्याकरण पुन्हा पहिल्यापासून शिकला. तो राहत होता धर्मार्थ निवासात आणि पोट भरत होता भिक्षेवर. हेच संत इग्नेशियस लोयोला. पुढे सेंत-बार्ब पाठशाळेत त्यांच्याच खोलीत राहणारा एक तरुण १५३० साली कलाशाखेचा गुरू होऊन ॲरिस्टॉटल शिकवू लागला. तो तरुण म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. १५४२ साली ते गोव्यात उतरले. पुढे आपल्या वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले. १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांना आपले पॅरिस आठवले. तेथील विद्वानांपुढे वेड्यासारखे ओरडत जावे आणि विद्या तुमच्यापाशी आहे, पण तिचे चीज करण्याची इच्छा कमी आहे, असे त्यांना सांगावे, अशा अर्थाची तळमळ त्यात आहे. विद्येला कमी लेखणाऱ्याचे हे उद्गार नव्हेत. तिचा हिशेब ईश्वराला द्यायचा आहे हे जाणणाऱ्याचे आहेत.

इग्नेशियस यांनी पॅरिसची शिस्त आपल्या संघाच्या पाठशाळांत आणली. १५४८ साली मेसिना येथे त्यांची पहिली मोठी पाठशाळा निघाली आणि १५९९ साली येशूसंघाची शिक्षणपद्धती नियमबद्ध झाली. या पाठशाळांतून फी घेतली जात नसे. पण उजळणी, वादसभा व परीक्षा यांतून कोणाचीही सुटका नसे. पुन्हा तेच उघडे दार आणि तोच उंच उंबरठा. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडनच्या धर्तीवर. १८६२ साली पहिल्या बी.ए. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर होते. १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले, तेव्हा सेंत-बार्बमधील त्या तरुण गुरूचे नाव आपल्या विद्याक्षेत्रात परतले. आपली मुले आजही पदवीदान समारंभात जो झगा घालतात, त्याचे मूळही त्या जुन्या गुरुसंघांतच आहे.

आज आपल्या समाजात पदवीधरांची वाण नाही. आपले अनेक भाऊबहीण प्राध्यापक आहेत, परीक्षक आहेत, संस्थाचालकही आहेत. त्यांना कोणी शपथ घ्यायला लावत नाही. उत्तरपत्रिका तपासताना त्यांच्या शेजारी कोणी नसते. असतो तो रॉबेर यांनी सांगितलेला अंतःकरणाचा ग्रंथ. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा, संध्याकाळचे मोफत वर्ग ही सारी दारे आहेत. ती आणखी रुंद व्हावीत आणि त्यासाठी आपण झिजावे. परंतु आत आलेल्या मुलाला न शिकवता पुढे ढकलणे ही दया नव्हे. उद्या रुग्णाच्या खाटेशी, पुलाच्या आराखड्यापुढे किंवा एखाद्या खेड्यातील वर्गात तो उभा राहील, तेव्हा त्याला आणि त्याच्यावर विसंबलेल्यांना त्या दयेची किंमत मोजावी लागेल.

म्हणून पहिल्या प्रकारची चिठ्ठी मागायला कोणत्याही आईने संकोच करू नये आणि ती द्यायला कोणत्याही धर्मगुरूने क्षणाचाही विलंब लावू नये. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी मागितली गेली, तर मात्र मुलाला जवळ बसवावे आणि कच्चे काय राहिले ते त्याच्याकडूनच काढून घ्यावे. मग वाडीत-आळीत जो कोणी तो विषय शिकवू शकेल, त्याच्याकडे दुसऱ्याच दिवसापासून त्याला पाठवावे. छत्तिसाव्या वर्षी लहान मुलांत बसून व्याकरण गिरवणाऱ्या संताची गोष्टही त्याला जरूर सांगावी.